दहा वाजून दहा

इंग्रजी आठच्या आकड्याचं वरचं पोट पांढऱ्या ढगात विरघळलं होतं. खालचं तेवढं निळ्या आभाळावर शिल्लक होतं. अशा वेळी अठ्ठावीसचे सव्वीस वाटू शकतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

फोनच्या पडद्यावर वेळ आणि तापमान दाखवणारं एक विजेट ती बनवत होती. मागे कुठलाही फोटो असो, त्याप्रमाणे आकड्यांनी आपला रंग बदलायचा आणि कुणालाही सहज वाचता यायचं. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी त्याची परीक्षा व्हायची. परीक्षेला बसणारे एकटे बाबा.

"दहा वाजून दहा. अठ्ठावीस अंश," बाबांनी धडाधड वाचलं. "काढ पुढचा पेपर."

"त्यापेक्षा डॉक्टर गाठा," आई ओट्यापाशी भांडी विसळत म्हणाली. "शाळेची बस चालवता. मागे बसभर पोरं असतात. परवा फाटकाला आरसा घासून आणलातच ना?"

"ते फाटकच वाकडं आहे. आणि डॉक्टर कशाला? पोरगी फुकटात डोळे तपासते की! घारीचे आहेत, घारीचे. विचार तिला."

ती हसली. ऑफिसातली तरणीताठी मुलं या ढगांच्या फोटोवर अडखळली होती. बाबा कधीच अडखळले नव्हते. हे कोडं तिला स्वस्थ बसू देईना. कुठेतरी हा माणूस अडायलाच हवा.

तिने आकडे फिके केले. बाबांनी वाचले. आणखी फिके केले. तेही वाचले. मग निव्वळ कुतूहलापोटी तिने आकडे काढूनच टाकले. पडद्यावर नुसते ढग उरले.

"दहा वाजून दहा. अठ्ठावीस अंश. झालं?"

तिचं बोट पडद्यावरच थांबलं.

इतके रविवार तिने मागचा फोटो बदलला होता, रंग बदलला होता, आकड्यांची जाडी आणि सावलीही बदलली होती. पण पहिल्या दिवशी नमुन्यादाखल घातलेले आकडे मात्र तेच राहिले होते. ती नजर मोजत नव्हती. पाठांतर मोजत होती. आणि त्या पाठांतराच्या जोरावर बाबा रोज सकाळी बस काढत होते.

आईची त्यांच्याकडे पाठ होती. आकडे गुपचूप परत आणले असते, तर कुणाला काही कळलं नसतं.

तिने नवे आकडे घातले. चार पस्तीस. एकोणीस. पांढऱ्याशुभ्र पडद्यावर काळेकुळकुळीत, मावतील तेवढे मोठे. तिने फोन बाबांपुढे सरकवला.

बाबा वाकले. फोन डोळ्यांजवळ नेला, मग हात लांब करून धरला, खिडकीकडे वळवला. आईने नळ बंद केला.

"दहा…" ते म्हणाले, आणि त्यांनी अगदी जवळ येऊन लेकीकडे पाहिलं. तिचा चेहरा त्यांना वाचता आला.

त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. शर्टाच्या खिशातून बसची किल्ली काढून त्याच्याशेजारी ठेवली.

"बदललेस एकदाचे आकडे," ते हळूच म्हणाले. "तू बदलशील त्या दिवशी थांबायचं, असं ठरवून बसलो होतो मी." मग ओट्याकडे वळून त्यांनी आवाज चढवला, "अगं, ऐकलंस का? उद्यापासून मी बस चालवणार नाही."