बिनकुलपाचा ड्रम

एस्तेरने हात जोडले नाहीत.

लिंबाखाली चर्चच्या मंडळीची वीस माणसं डोळे मिटून उभी होती. पुढे पाण्याच्या बाटल्यांचे खोके रचलेले, आणि खोक्यांपलीकडे, भर उन्हात, गावातल्या बायकांची रांग. पाळकसाहेबांची प्रार्थना संपत नव्हती.

"यांचा देव लई येळ उभा करतो बा," रांगेतली एक म्हातारी म्हणाली. बायका पदराआड हसल्या.

"पाळकसाहेब, आधी पाणी वाटा," एस्तेर मोठ्याने म्हणाली.

मंडळीचे डोळे उघडले. पाळकसाहेब दमाने म्हणाले, "एस्तेर, बेटा, दोन मिनिटं. देव इथं काय करतोय, ते तरी पाहा."

"कुठं आहे तो? दाखवा मला. मग मीही हात जोडते."

ती तिथून निघालीच. या सेवादौऱ्यावर ती सेवा करायला आलीच नव्हती. आईची औषधांची पेटी घेऊन जायला आली होती. आई, राहेल सिस्टर, एकोणीस वर्षं दर महिन्याच्या एका शनिवारी सोयगावच्या पुढच्या या गावात यायची. जखमा धुवायची, गोळ्या द्यायची. लहानपणी ते सगळे शनिवार एस्तेरने शेजारणीकडे जेवून काढले होते. आता आई नव्हती, आणि तिची एकही वस्तू या गावात ठेवायची एस्तेरची तयारी नव्हती. पेटी घ्यायची आणि गाव, मंडळी, देव, सगळ्यांशी संबंध संपवायचा, एवढंच तिने ठरवलं होतं.

आईची मूत्रपिंडं गेली होती. दिवसाला सातशे मिली पाणी, थेंब जास्त नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. एस्तेरने काचेच्या पेल्यावर लाल नेलपॉलिशने रेघ मारली आणि चार महिने त्या रेघेने पाणी दिलं. शेवटच्या संध्याकाळी आई म्हणाली, "एक घोट दे गं." त्या दिवसाचं पाणी संपलं होतं. एस्तेर म्हणाली, "सकाळी." सकाळी तिने रेघेपर्यंत भरलेला पेला मोरीत ओतला.

तेव्हापासून तिला सगळ्यांचा राग येत होता. डॉक्टरांचा. घरी येऊन वचनं वाचून गेलेल्या मंडळीचा. शहरात गारखेड्याच्या रस्त्यावर नव्या इमारतींची जाहिरात लागली होती, तिच्यातल्या निळ्याशार तरणतलावाचा. देवाचा तर फारच. आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या उजव्या हाताचा; पण ते ती कुणाला सांगत नसे.

गावात टँकर आठ दिवसांनी यायचा. प्रत्येक दारापुढे प्लास्टिकचे ड्रम, आणि प्रत्येक ड्रमच्या झाकणाला कुलूप. बायकांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात किल्ल्या. इथे पाणीच चोरीला जात होतं.

आईची पेटी जिच्या घरी असायची, त्या चंपाबाईच्या दारापुढे मात्र एका ड्रमला कुलूप नव्हतं. वर धुतलेलं फडकं बांधलं होतं आणि पोटावर चुन्याने लिहिलं होतं, 'शिष्टर'.

चंपाबाई बाहेर आली. तिच्यामागे, आतल्या भिंतीवर, बुद्ध आणि बाबासाहेब शेजारी शेजारी होते. तिने हात कपाळाला लावला. "सलाम, माय." आईच्या मंडळीचा सलाम.

"पेटी न्यायला आले मी," एस्तेर म्हणाली. "आणि हा ड्रम कशासाठी?"

"शिष्टर हात धुतल्याबिगर कुनाला शिवायची नाय. आधी शहरातून कॅन घिऊन यायची. आम्ही म्हनलो, दवा तुझी, पानी आमचं. टँकर आला का घरटी येक तांब्या या ड्रमात."

"अजून?"

"अजून."

एस्तेरचा आवाज चढला. "कुणी सांगितलं नाही तुम्हाला? मेली ती. अकरा महिने झाले. कुणासाठी भरताय हे? तहानेने मरताय आणि मेलेल्या बाईच्या हातांना पाणी ठेवताय!"

"ठाव हाय," चंपाबाई शांतपणे म्हणाली. "पाळकांनी तवाच सांगितलं. गावात चूल नाय पेटली त्या दिशी."

ती आत जाऊन पत्र्याची पेटी घेऊन आली. पेटी नुकती पुसलेली होती. एस्तेरने हात पुढे केले, तशी तिने पेटी मागे घेतली.

"आधी हात धू. शिष्टरचा नियम हाय."

तिने फडकं सोडलं, तांब्या बुडवला. एस्तेरने नाइलाजाने हात पुढे धरले. गार पाणी मनगटावरून वाहिलं, बोटांमधून, खाली मातीत. तांब्या संपला. चंपाबाईने दुसरा भरला.

"बस झालं."

चंपाबाई ओततच राहिली. तिसरा तांब्या. पाण्याच्या वासाने कुठून तरी दोन चिमण्या उतरल्या.

"अहो, बस करा ना! वाया जातंय. आठ दिवस टँकर नाही तुमच्याकडं!"

"जाऊ दे."

"का पण?"

"शिष्टर आजारपनात फोन करायची मला. म्हनली, चंपे, लेक मला पानी मोजून देती. तिचा जीव तुटतो, पर रेघ वलांडीत नाय. म्याच शिकवलं तिला तसं."

एस्तेरच्या हातांची ओंजळ झाली होती. ती भरली आणि सांडू लागली. चंपाबाईने चौथा तांब्या बुडवला.

"आन् म्हनली, मी गेल्यावर ती येईल. लई रागात येईल. तिला पानी मोजून देऊ नका."