सगळ्यात वरचं नाव

बाळंतपणाची १८२ दिवसांची रजा संपवून परतले, त्याच आठवड्यात मी पर्ल या संगणकाच्या भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहिला. साहेब निवडतील त्या रकान्याप्रमाणे तो कर्मचाऱ्यांची नुसती नावं उतरत्या क्रमाने लावायचा. साहेबांनी रकाना निवडला 'रजा', आणि सगळ्यात वर आलेल्या नावाला नारळ दिला.

ते नाव माझ्या शेजारच्या टेबलावरच्या ताईंचं होतं. माझ्या रजेत सहा महिने माझं काम त्यांनीच ओढलं होतं.

"माझ्या तर नऊच रजा झाल्या गं," टेबलाचा खण रिकामा करताना त्या म्हणाल्या. "यादी बरोबर लागलीय ना?"

मी प्रोग्राम उघडून पाहिला. बाळाच्या जागरणात मी आकड्यांची तुलना शब्दांसारखी करून ठेवली होती. पहिलाच अंक मोठा, म्हणून ९ जाऊन बसला होता १८२ च्या डोक्यावर.

"कॉम्प्युटरने लावलीय, ताई."

"मग असेल बरोबर. जाऊ दे, तू वाचलीस ना? पदरात तान्हं लेकरू आहे तुझ्या. त्याचा एक पापा घे माझ्याकडून."



दुरुस्ती एका चिन्हाची होती. ताई जिना उतरेपर्यंत मी थांबले.