मुंबईचं घड्याळ

“हे घड्याळ मुंबईचं की स्टेशनचं?”

दारातून पाऊल आत टाकताच परशुरामने हेच विचारलं. दोन वर्षांनी घरी आलेला माणूस, पण आधी घड्याळ! बोटीवरच्या नोकरीने त्याला ही खोड लावलेली.

नंदाने चुलीपासून मान वळवून भिंतीकडे पाहिलं. दोन वाजले होते.

“मुंबईचं,” ती म्हणाली.

“मेलो!” परशुरामने टोपी काढून समोरच्या रिकाम्या खिळ्याला अडकवली आणि तो मटकन पाटावर बसला. “म्हणजे स्टेशनात आता तीनला एकवीस कमी. आवडी कुठाय?”

“शाळेत. तीनला सुटते. ह्याच घड्याळाने.”

परशुरामने कपाळावर हात मारला.

सरकारने सगळ्या देशाची वेळ एक केली होती आणि स्टेशन ती पाळत होतं. पण मुंबईची जुनी वेळ तिच्या एकोणचाळीस मिनिटं मागे, आणि लोकांना तीच प्यारी. ह्या बाळकुम गावात तर एका घरात दोन वाजायचे तेव्हा शेजारी पावणेतीन होत आलेले असायचे.

परशुराम प्रवासी बोटीवर वाढपी होता. बंदर आलं की गाव बघायला उतरणाऱ्या साहेबलोकांसाठी फळ्यावर बोटीची, शहराची आणि स्टेशनची वेळ लिहायचं काम त्याचंच. एडनला दोन मडमा स्वतःच्या घड्याळावर विसंबल्या आणि बोट त्यांना सोडून गेली. आज सगळे लेणी बघायला गेलेले, म्हणून त्याला ही सुटी. स्वतःचं मनगटी घड्याळ मात्र सुएझपासून बंद. त्यात माजिवड्याला टांग्याचं चाक निखळलं, तिथे किती वेळ गेला देव जाणे.

“तीन चाळीसची गाडी चुकली की बोट गेली,” तो म्हणाला. “टांग्याला अर्धा तास. तिला शाळेतून घेऊन ये ना गं!”

“आज तपासणी आहे. मास्तर सोडायचे नाहीत.”

“मग मीच जाता जाता...”

“शाळा खाडीकडे, टांगा उलटा जाणार. नोकरी घालवायचीय का?”

नंदाने ताट वाढलं. कोपऱ्यात सासू, ठमाबाई, पदराने डोळे पुसत होती.

“आई, रडू नकोस गं. चार महिन्यांत परत येतोच आहे.”

“धूर रे मेला,” ठमाबाई म्हणाली.

शेजारची रंगूबाई वाटीभर तिळाचे लाडू ठेवून, मान वरही न करता निघून गेली.

“काल संक्रांत झाली. आपल्या घरचे लाडू कुठायत?” परशुरामने विचारलं.

“यंदा पाकच जमला नाही,” नंदा म्हणाली.

परशुरामने लाडू तोंडात टाकला आणि ट्रंकेतून एक गुलाबी फ्रॉक काढला. “होईल ना गं तिला? वाढली असेल.”

“होईल.” नंदाने फ्रॉक घेतला आणि छातीशी धरला.

“कोपरच्या आपल्या विश्रामचं कळलं असेल तुम्हाला. त्याच्या बोटीवर पत्र गेलं, आई वारली म्हणून. सकाळी बघतात तर बिछाना रिकामा. चार दिवस समुद्रात शोधला बिचाऱ्याला.” परशुराम हात धुता धुता थांबला. “नंदा, अगं पाच मिनिटं थांबू? शाळेत निरोप धाड, धावत येईल ती. नुसतं तोंड तरी बघू दे मला!”

“नको!” नंदा जवळजवळ ओरडली. मग आवाज खाली आणून म्हणाली, “हात जोडते. जा. गाडी चुकेल.”

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरीला बघायला म्हणून साहेबाच्या पाया पडून आलेला माणूस, आणि एकोणचाळीस मिनिटांनी त्याचा घात केला.

“माझा एक पापा घे म्हणावं तिला,” तो म्हणाला. टोपी घातली, आईच्या पाया पडला आणि टांग्यात बसला. वळणापर्यंत तो खाडीच्या बाजूला बघत राहिला.

टांगा दिसेनासा झाल्यावर ठमाबाई म्हणाली, “अगं, घड्याळ तर आपण दिवाळीतच स्टेशनच्या वेळेला लावलंय.”

“माहीत आहे मला.”

तीन वाजले. खाडीकडे शाळेची घंटा झाली. पोरं ओरडत दारावरून गेली, तेव्हा नंदाने दार ओढून घेतलं.

मग तिने तांदळाच्या कणगीत हात घालून, वळणावर टांगा दिसताच लपवलेली आवडीची तसबीर बाहेर काढली, परशुरामने टोपी लावलेल्या खिळ्यावर ती परत टांगली, आणि तिच्यावरचा हार सरळ केला.