सातवा रकाना

"डोळ्यांनी बघणारा साक्षीदार आणा," कारकुनाने अर्ज तिसऱ्यांदा परत करत सांगितलं. बापूंचा खांदा लढाईत मोडला हे सिद्ध झालं, तरच लष्करी दवाखाना शस्त्रक्रिया करणार होता. मुदतीला महिना उरला होता.

"आणते," लेक म्हणाली. ती आता हट्टालाच पेटली होती.

बापूंना स्वतःचा शर्ट घालता येत नव्हता. कळ आली की एवढा धिप्पाड माणूस उशी दातांत धरून ओरडायचा. लेकीच्या जिवाचं पाणी पाणी व्हायचं.

खांद्याची गोष्ट मात्र ते रंगवून सांगत. चौकीवर शत्रूचे तिघे घुसले. एकाचा गळा बापूंनी डोळे बाहेर येईपर्यंत दाबला. दुसऱ्याचं डोकं कवटी फुटेपर्यंत दगडावर आपटलं. तेवढ्यात मागून बंदुकीचा दस्ता खांद्यावर बसला. "मग तिसऱ्याचं काय झालं?" लहानपणी लेक दर वेळी विचारायची. बापू दर वेळी तिला झोपायला पाठवायचे.

तुकडीतले बहुतेक जण गेले होते. शोधून शोधून सापडला तो चौकीवरचा आचारी. बापू भडकले. भांडी घासणाऱ्याला लढाईतलं काय कळतंय, म्हणाले. लेकीने कानाडोळा केला आणि बस पकडली.

आचारी एकटाच राहत होता. स्वयंपाकघर लख्ख होतं. भिंतीवर हातभर लांब लोखंडी पळी टांगलेली होती, मधोमध वाकलेली. दोनशे जणांचं पातेलं हिनेच ढवळायचो, तो म्हणाला. मग सरळ का नाही करून घेतली, तिने सहज विचारलं. राहून गेलं, म्हणाला.

तिने सगळं सांगितलं. शर्ट, उशी, रात्रंदिवसाचं ओरडणं. म्हातारा मान खाली घालून ऐकत होता.

"घरात कधी हात उगारतो का तो?"

"उचलवतच नाही, तर उगारतील कसा?" ती हसली.

तो हसला नाही. "बरं आहे," एवढंच म्हणाला.

"तुम्ही खरंच बघितलंत ना, काका?"

"अगदी जवळून, पोरी."

तिने आणलेला छापील जबाब त्याने चष्मा सावरत, एकेक अक्षर कोरत भरला. दोनदा वाचला, सही केली, घडी घालून तिच्या हातात दिला. तिने वाकून त्याच्या पायांना हात लावला. तो पटकन मागे सरला.

बसमध्ये बसल्यावर तिने घडी उघडली. तारीख जुळत होती. चौकी तीच. खांदा उजवा. कामावर असताना दुखापत? होय. तिचे डोळे भरून आले. जिंकलो एकदाचे, तिला वाटलं.

सातवा रकाना पानाच्या तळाशी होता. मारणारा कोण, कशाने, का?

'मी. पळीने. तिघे कैदी होते, हात मागे बांधलेले. दोघांना संपवून हा तिसऱ्याकडे वळला, तेव्हा मारली. तिसरा वाचला.'