एक जूनचा वाढदिवस

पुण्यात विमान उतरवून कॅप्टन वाळिंब्यांनी इंजिनं बंद केली. आज एकतीस मे. उद्या त्यांना पासष्ट पूर्ण होणार आणि नियमाप्रमाणे प्रवासी विमान कायमचं सुटणार.

"सर, वाढदिवसाच्या आगाऊ शुभेच्छा," शेजारची सहवैमानिक म्हणाली.

"माझा वाढदिवस दिवाळीत असतो. शाळेत घालताना गुरुजींनी सगळ्यांनाच एक जून लावला."

"म्हणजे अजून पाच महिने आहेत की. तारीख दुरुस्त करून घ्यायची ना."

"याच तारखेवर लायसन्स काढलं. तेव्हा अठराला पाच महिने कमी होते आणि मी गप्प बसलो. आता कुठल्या तोंडाने बोलू?"

प्रवासी उतरले. तिने बॅग उचलली. कॅप्टनांचा हात अजून थ्रॉटलवरच होता.

"सर, इंजिनं बंद आहेत," ती हळूच म्हणाली.

"माहीत आहे. तू हो पुढे."