चुकलेलं फूल

भाऊबीज तोंडावर आली होती अन् जळगाव जामोदच्या बाजारात मिलच्या लुगड्यांचे ढीगच्या ढीग लागले होते. उकंडरावाला मात्र आपल्या बहिणीसाठी, गोजरसाठी, हातमागाचंच लुगडं पाहिजे होतं. शेठ एकेक उलगडून दाखवत होता. उकंडराव काठ निरखायचा अन् मान हलवायचा. शेवटी कोपऱ्यात पडलेलं हिरवं लुगडं त्याने स्वतःच ओढून काढलं.

"ते राहू द्या," शेठ म्हणाला. "काठातलं एक फूल वाकडं पडलं आहे. विणकराले परत धाडाचं आहे ते."

"परत नका धाडू. मले तेच पाहिजे."

"अहो, सणासुदीले बहिणीले असं चुकलेलं लुगडं देता काय?"

"हाव," उकंडराव म्हणाला, अन् पुऱ्या भावाने लुगडं घेऊन निघाला.

भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर गोजरने लुगड्याची घडी मोडली. तिचा जन्म मागावर गेलेला, पण मागावरचं लुगडं अंगाला कधी लागलं नव्हतं. तिचं बोट सवयीने काठावरून फिरत गेलं अन् एका फुलापाशी थांबलं.

"बदलून आणू का?" उकंडरावाने हसू दाबत विचारलं.

गोजरने लुगडं छातीशी धरलं.

"श्रावणात मी मागावर बसेल होती. दारात तुहा आवाज आला, अन् हातातला धोटा तसाच टाकून मी धावली," ती म्हणाली. मग त्या वाकड्या फुलावरून तिने पुन्हा बोट फिरवलं. "इथं तू आल्ता, दादा."