जोडसायकल

यवतेश्वरचा चढ लागला आणि हेमांगीची सायकल एकाएकी हलकी झाली. ती दचकलीच.

जोडसायकली घेतल्यापासून तिचे वडील, अण्णा, रोज सकाळी चिपळुणात आपली सायकल स्टँडवर लावून पायडल मारायचे आणि त्यांच्या पायांचा जोर इथे साताऱ्यात तिच्या चाकाला मिळायचा. पण अण्णांना जाऊन महिना झाला होता. तेव्हापासून ती हा चढ सायकल ढकलतच चढत होती.

मग हा जोर कुणाचा? यंत्र बिघडलं, की भलत्याच कुणाची सायकल आपल्याशी जोडली गेली? तिला काही कळेना. जोर मध्येच थांबत होता, मध्येच हिसका देत होता. अण्णांचा पाय असा कधीच नव्हता.

तिने उतरून घरी फोन लावला. आयुष्यात कधी सायकलला हात न लावलेली आई धापा टाकत होती.

"आई, अण्णांच्या सायकलवर कोण बसलंय?"

"मीच गं. का, पोचत नाही का तुला?"

"पोचतंय."

"मग मध्येच उतरलीस कशाला? इकडे पायडल एकदम सैल झालं, पडणार होते मी. बस बघू परत."

हेमांगी डोळे पुसून पुन्हा सायकलवर बसली.